गर्भनाशातून एकगुणिताकडे : एका संशोधनाचा पूर्वेतिहास

चाकूरकडील शेतांच्या बांधांवर धोतरा उगवतो. गुरे त्यास तोंड लावीत नाहीत आणि शेतकरी तो उपटून टाकतो. तथापि एकगुणित वनस्पतींच्या इतिहासाचा आरंभ धोतऱ्यापासूनच करावा लागतो. १९२२ साली ब्लेकस्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ ऐवजी १२ च गुणसूत्रे असलेल्या धोतऱ्याची नोंद केली. पुढे १९६४ मध्ये दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा व सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्याच परागकोशांच्या संवर्धनातून गर्भ मिळविले. या खटाटोपाचे प्रयोजन व्यावहारिक होते. संकरानंतर शुद्ध वाण सिद्ध होण्यास सहा-सात पिढ्या जातात. वर्षास एकच पीक देणाऱ्या तुरीच्या बाबतीत तितकीच वर्षे. एकगुणिताची गुणसूत्रे दुप्पट केली की शुद्ध वाण तत्काळ हाती येते.

दुसरा धागा सर्वस्वी निराळ्या क्षेत्रातील आहे. पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्र ज्या बिंदूपाशी ओढले जाते, तो सेंट्रोमीअर होय. त्याचे स्थान निश्चित करणारे विशेष हिस्टोन प्रथिन १९८५ मध्ये मानवी पेशींत आढळले, तेही त्वचा कठीण करणाऱ्या एका विकाराच्या रुग्णांच्या रक्तद्रवामुळे. मोहरीच्या कुळातील अरबिडॉप्सिसमध्ये त्याचे प्रतिरूप टॅल्बर्ट प्रभृतींनी २००२ मध्ये दाखविले.

हे दोन धागे २०१० मध्ये एकत्र आले. हैदराबादेत संशोधनाचे धडे घेतलेले रवि मारुताचलम् आणि सायमन चॅन यांनी कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे असे उत्परिवर्ती अरबिडॉप्सिस अभ्यासले की ज्यात या प्रथिनाचे जनुक निकामी होते. जनुकाची एक प्रत शाबूत असता झाड वाढे. दोन्ही प्रती गेल्या की गर्भ प्रारंभीच नष्ट होई. इतक्यावरच थांबले असते तर 'हे जनुक अत्यावश्यक आहे' एवढाच निष्कर्ष निघता. त्यांनी मात्र प्रथिनाचे शेपूट बदलून ते परत दिले. झाडे जगली. नेहमीच्या झाडांशी संकर करताच अनेक गर्भांतून या झाडांकडून आलेली गुणसूत्रे गळून गेली आणि दहाऐवजी पाच गुणसूत्रांची रोपे उपजली.

या शोधाचे वर्णन करताना केवळ एकगुणित रोपांचा गौरव होतो. प्रस्तुत लेखकास तो अपुरा वाटतो. मूळ जनुक गमावलेला गर्भ मरतो हे ठाऊक नसते, तर बदललेल्या प्रथिनाची परीक्षा घेण्यास पार्श्वभूमीच उरली नसती. चॅन २०१२ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी निवर्तले. पुढे ही रीत मक्यात व गव्हात योजली गेली; मक्यात आरंभी यशाचे प्रमाण अरबिडॉप्सिसहून पुष्कळ कमी राहिले.