मुंबई–कराची : दीड तासाचं अंतर आणि आपण

मंडळी, मुंबईहून कराची विमानाने किती लांब? सरळ रेषेत जेमतेम ९०० किलोमीटर. म्हणजे दिल्लीपेक्षा जवळ! जेट विमानाला दीड तास पुरतो.

आता थोडं मागे जाऊ. १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ हे चिमुकलं विमान घेऊन निघाले. सोबत टपालाची थैली, साधारण २५ किलो. लंडनहून इम्पीरियल एअरवेजने कराचीपर्यंत आणलेली टपाल पुढे मुंबईला पोचवायची होती. वाटेत अहमदाबादला थांबून इंधन भरलं, तेही बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतलं. सकाळी साडेसहाच्या सुमारास निघालेले जेआरडी दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. म्हणजे सात तास आणि वर थोडी मिनिटं.

जुहूचा तळ म्हणजे समुद्राकाठची चिखलाची जमीन. पावसाळ्यात सगळं पाण्याखाली, मग मुक्काम पुण्याला येरवड्यात हलवायचा. आपल्या नागरी विमानसेवेची सुरुवात ही अशी.

तेव्हा कराची परकी नव्हती, बरं का. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराचीत आजही नारायण जगन्नाथ हायस्कूल उभं आहे. सिंधमध्ये शिक्षणाचं काम केलेल्या नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाचं नाव त्याला दिलंय.

फाळणी झाली, तरी विमानं लगेच थांबली नाहीत. १९८२ मध्ये, पन्नास वर्षं झाली म्हणून, ७८ वर्षांच्या जेआरडींनी स्वतः विमान चालवत कराची–मुंबई प्रवास पुन्हा केला. मधल्या काळात मात्र युद्ध झालं की सेवा बंद, संबंध सुधारले की चालू. २००२ च्या जानेवारीत बंद झालेली विमानं २००४ च्या जानेवारीत पुन्हा उडाली. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपली हवाई हद्दच बंद केली.

आता थेट विमान नाहीये. दुबईमार्गे जायचं तर अंतर होतं ३,००० किलोमीटरच्या वर. नुसतं उडण्यातच पाच तास, वर दुबईत ताटकळणं वेगळं. सगळं धरलं तर १९३२ च्या त्या पस मॉथने आपण आधी पोचलो असतो!

दहशतवाद खरा आहे, सुरक्षेचा प्रश्नही खराच. तो कुणी नाकारत नाही. पण याची किंमत कोण मोजतं ते बघा. पालघर-डहाणूचा खलाशी समुद्रात पकडला जातो आणि कराचीच्या मालीर तुरुंगात पडतो. कधीतरी सुटका होते. मग कराचीहून लाहोर, वाघा सीमा, अमृतसर आणि तिथून रेल्वेने घर. ज्या किनाऱ्यावरून पकडला गेला तो किनारा खाली दक्षिणेला, आणि हा माणूस अख्खा पंजाब फिरून येतो.

तुमच्या घरात कराचीची कुणाची आठवण असेल तर कॉमेंटमध्ये नक्की लिहा. ती माणसं आता थोडीच उरलीत.