गौरी अम्मा, के. आर.

गौरी अम्मा, के. आर. : (१४ जुलै १९१९ – ११ मे २०२१). केरळच्या कम्युनिस्ट नेत्या, वकील आणि राज्याच्या पहिल्या महसूलमंत्री. १९४८ ते २०११ या काळात त्यांनी १७ निवडणुका लढवल्या, त्यांतल्या १३ जिंकल्या आणि सहा मंत्रिमंडळांत काम केले. मंत्री म्हणून त्यांनी अनेक खाती सांभाळली. पण केरळ त्यांना ओळखते ते जमिनीच्या कायद्यांमुळे, आणि ती ओळख रास्त आहे.

जन्म आलप्पुझा जिल्ह्यातील चेर्थला तालुक्यात, पट्टणक्काड येथे, एळवा समाजातील कुटुंबात. त्या काळी एळवांना अस्पृश्य मानले जाई. वेंबनाड सरोवरापलीकडच्या वैकोम येथे देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे म्हणून १९२४-२५ मध्ये सत्याग्रह झाला, तेव्हा गौरी पाच-सहा वर्षांच्या होत्या. अशा वातावरणात घरच्यांनी मुलीला एर्नाकुलमच्या कॉलेजात आणि पुढे तिरुवनंतपुरमला कायदा शिकायला पाठवले. एळवा समाजातून कायद्याची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. थोरले बंधू सुकुमारन कामगार चळवळीत होते, त्यांच्यामुळे त्याही तिकडे ओढल्या गेल्या. चेर्थला हा काथ्या वळणाऱ्या मजुरांचा मुलूख. पुन्नप्रा-वयलार येथे ऑक्टोबर १९४६ मध्ये त्रावणकोर संस्थानाच्या फौजेने कामगारांवर गोळ्या चालवल्या. त्यातले वयलार गौरींच्या गावाच्या शेजारचे. १९४८ मध्ये कम्युनिस्ट नेते पी. कृष्ण पिळ्ळै यांनी त्यांना कम्युनिस्ट पक्षाचे सदस्यत्व दिले. त्याच वर्षी त्या पहिली निवडणूक हरल्या. पुढे तुरुंगवास घडला आणि पोलिसांचा छळही सोसावा लागला. १९५२ आणि १९५४ मध्ये मात्र त्या त्रावणकोर-कोचीन विधानसभेवर निवडून गेल्या.

५ एप्रिल १९५७ रोजी ई. एम. एस. नंबूद्रीपाद यांच्या नेतृत्वाखालील केरळच्या पहिल्या, कम्युनिस्ट मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. अकरा मंत्र्यांत गौरी या एकट्या स्त्री होत्या आणि महसूल खाते त्यांच्याकडे आले. आठवडाभरातच सरकारने वटहुकूम काढून कुळांना जमिनीवरून आणि मजुरांना झोपडीवरून हुसकावणे थांबवले. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, आणि मराठी वाचकाला त्याचे मोल चटकन कळावे. मुंबई राज्यात १९४८ चा कूळकायदा आला, तेव्हा 'मी स्वतः कसणार' असे सांगून मालकांनी किती कुळे उठवली आणि किती कुळांनी 'राजीखुशीने' जमिनी सोडल्याचे कागद झाले, हे गावोगावी ठाऊक होते. गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे वि. म. दांडेकर आणि ग. ज. खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. तिचा अहवाल योगायोगाने १९५७ सालचाच. मोठा कायदा चर्चेत असतो त्या महिन्यांतच मालक सावध होतो आणि कुळाचे नाव कागदावरून पुसले जाते. गौरी अम्मांच्या खात्याने आधी ते दार लावून घेतले आणि मग सावकाश कायदा लिहायला घेतला.

हे कृषिसंबंध विधेयक जून १९५९ मध्ये मंजूर झाले. त्याच सुमारास या सरकारच्या शिक्षण कायद्याच्या आणि या विधेयकाच्या विरोधात 'विमोचन समरम' हे आंदोलन पेटले होते. ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने सरकार बरखास्त केले. पुढच्या सरकारांच्या काळात या विषयाचे कायदे झाले, न्यायालयात अडकले, पुन्हा लिहिले गेले. १९६३ च्या भूसुधारणा कायद्याला धार आली ती १९६९ च्या दुरुस्तीने, आणि ती दुरुस्ती विधानसभेत मांडून पार पाडणाऱ्या महसूलमंत्री पुन्हा गौरी अम्माच होत्या. ऑक्टोबर १९६९ मध्ये विधेयक मंजूर झाले आणि त्याच महिन्यात सरकार कोसळले. १ जानेवारी १९७० पासून अच्युत मेनन सरकारच्या काळात कायदा अमलात आला. त्या दिवशी केरळातील 'जन्मी' जमीनदारी कायद्याने संपली आणि कुळांचा मालकीहक्क मान्य झाला. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्याला तिथे 'कुडिकिडप्पुकारन' म्हणतात. त्याला झोपडीभोवतीची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला: पंचायतीच्या हद्दीत १० सेंट, नगरपालिकेत ५, मोठ्या शहरात ३ (एक सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग). दहा सेंट म्हणजे चार गुंठे. त्यावर पोट भरत नाही. पण मालकाशी भांडण झाले तर उद्या झोपडी राहील की नाही, ही धास्ती संपते. मजुरी वाढवून मागण्याची हिंमत त्यातूनच येते.

या कायद्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. चहा-रबराचे मळे जमीनधारणेच्या कमाल मर्यादेतून वगळले गेले. शेतात प्रत्यक्ष राबणाऱ्या दलित मजुराच्या वाट्याला बहुधा घरापुरतीच जागा आली. शेत कुळाचे झाले, आणि कूळ अनेकदा मधल्या जातींतले होते. आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत देण्याचा १९७५ चा कायदा तर वर्षानुवर्षे कागदावरच राहिला. नव्वदच्या दशकात त्यालाच बगल देणारी दुरुस्ती विधानसभेत आली तेव्हा सत्ताधारी आणि विरोधक एक झाले. १४० जणांच्या सभागृहात विरोधात उभ्या राहिल्या त्या एकट्या गौरी अम्मा. तेव्हा त्या पंचाहत्तरीपलीकडे होत्या आणि तोवर त्यांनी काढलेला नवा पक्ष अगदी लहान होता.

मंत्रिमंडळातले सहकारी आणि आलप्पुझाचे कामगारनेते टी. व्ही. थॉमस यांच्याशी त्यांनी १९५७ मध्येच लग्न केले. १९६४ मध्ये पक्ष फुटला. थॉमस भारतीय कम्युनिस्ट पक्षात राहिले, गौरी मार्क्सवादी पक्षात गेल्या, आणि संसारही दुभंगला. १९६७ च्या दुसऱ्या नंबूद्रीपाद सरकारात दोघे दोन पक्षांचे मंत्री म्हणून एकाच मंत्रिमंडळात होते: ते उद्योग पाहत, त्या महसूल. थॉमस मार्च १९७७ मध्ये वारले. त्याच वर्षी, १९४८ नंतर पहिल्यांदाच, गौरी अम्मा निवडणूक हरल्या.

१९६५ पासून त्यांचा मतदारसंघ अरूर. (१९६५ ची विधानसभा भरलीच नाही, तरी तो विजय तेरांत धरला जातो.) १९८० पासून २००१ पर्यंतच्या सर्व निवडणुकांत अरूरने त्यांना निवडून दिले. ई. के. नायनार यांच्या पहिल्या सरकारात त्या शेतीमंत्री होत्या, दुसऱ्यात उद्योगमंत्री. देशातील पहिल्या तंत्रज्ञान-उद्यानांपैकी एक असलेला तिरुवनंतपुरमचा टेक्नोपार्क याच दुसऱ्या कारकिर्दीत उभा राहू लागला. राज्य महिला आयोगाचे विधेयकही १९९० मध्ये याच काळात मंजूर झाले. आयोग प्रत्यक्षात आला १९९६ मध्ये.

पण १९८७ हे साल वेगळ्याच कारणाने लक्षात राहिले. नारळांनी भरलेल्या केरळवर गौरी राज्य करणार, अशी घोषणा त्या वर्षीच्या निवडणूक प्रचारात गावागावांत घुमली होती. लोकांनी मत दिले ते गौरी मुख्यमंत्री होणार असे समजून. निकालानंतर पक्षाने नायनारांना निवडले. केरळला आजवर स्त्री मुख्यमंत्री मिळालेली नाही. तीस वर्षांचा अनुभव, महसूल कायद्याची बारीक जाण आणि हाताशी असलेला जनाधार एवढे सगळे असूनही त्यांना डावलले गेले. त्या एळवा होत्या, स्त्री होत्या आणि कोणाचे ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. यांतले कोणते कारण जड ठरले यावर तिथे आजही वाद होतो.

१ जानेवारी १९९४ रोजी पक्षशिस्तीच्या कारणावरून मार्क्सवादी पक्षाने त्यांना काढून टाकले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी 'जनाधिपत्य संरक्षण समिती' हा पक्ष काढला आणि काँग्रेसच्या आघाडीत जाऊन २००१ ते २००६ या काळात ए. के. अँटनी व ओमन चंडी यांच्या सरकारांत शेती खाते सांभाळले. ज्या काँग्रेसशी आयुष्यभर झुंज घेतली तिच्याच सरकारात बसणे त्यांच्या चाहत्यांना पचायला जड गेले. २००६ मध्ये अरूरमध्ये आणि २०११ मध्ये चेर्थलामध्ये त्या हरल्या. पुढे काँग्रेसची आघाडीही सोडली. त्यांच्या आत्मचरित्राला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

त्यांचे निधन तिरुवनंतपुरम येथे झाले. १९५७ च्या मंत्रिमंडळातील त्या शेवटच्या हयात सदस्य होत्या. कोरोनाच्या टाळेबंदीत आलप्पुझाच्या वलिय चुडुकाडु स्मशानभूमीत त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. पुन्नप्रा-वयलारच्या हुतात्म्यांची ही जागा. पक्षाचे सदस्यत्व देणारे कृष्ण पिळ्ळै तिथेच आहेत, आणि टी. व्ही. थॉमसही.