सैन्य प्रशिक्षणात मानसिक आजार झाला तर: डिस्चार्जचे कारण, अपील आणि घरी आल्यावरचे उपचार

यवतमाळ जिल्ह्यातील अनेक मुले दहावी-बारावीनंतर भरतीची तयारी करतात. निवड झाली की कामठी, सागर, बेळगाव, नाशिक रोड, अहिल्यानगर अशा ठिकाणच्या प्रशिक्षण केंद्रांत जातात. त्यातील काहींना प्रशिक्षण सुरू असतानाच मानसिक आजार होतो आणि त्यांना घरी परत यावे लागते. मग घरच्यांपुढे दोन प्रश्न असतात. मुलगा बरा होईल का? आणि डिस्चार्जच्या कागदावर जे लिहिले आहे ते बदलून घेता येते का? या लेखात दोन्ही प्रश्नांची माहिती दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• प्रशिक्षणात झालेला मानसिक आजार हा आजारच आहे. तो भित्रेपणा किंवा कामचुकारपणा नाही.
• डिस्चार्ज कोणत्या कारणाने झाला, यावर पेन्शन, भरपाई आणि पुढील उपचारांची सोय अवलंबून असते.
• मेडिकल बोर्डाच्या मताविरुद्ध अपील करता येते, पण त्याला मुदत असते.
• उपचार थांबवून कागदांच्या मागे लागू नका. नियमित उपचारांची नोंद हाच अपिलातला मोठा पुरावा ठरतो.

प्रशिक्षणातच आजार का सुरू होतो?

स्किझोफ्रेनिया, बायपोलर आजार, नैराश्य यांची सुरुवात बहुतेक वेळा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत होते. सैन्यात भरती होण्याचे वयही हेच आहे. त्यामुळे भरतीच्या वेळी पूर्ण निरोगी असलेल्या मुलाला काही महिन्यांत आजार होऊ शकतो.

त्यात प्रशिक्षणाचा ताण असतो. झोप कमी मिळते, शारीरिक श्रम खूप होतात, घर पहिल्यांदाच सुटलेले असते, भाषा नवी असते आणि चूक झाली की शिक्षा होते. ज्याच्यात आजाराची प्रवृत्ती आधीपासून असते, त्याच्यात अशा ताणाने आजार उघड होऊ शकतो किंवा वाढू शकतो. प्रवृत्ती असणे आणि आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे अपिलात हाच फरक कामाला येतो.

कोणते आजार दिसतात?

• समायोजनाचा विकार: नव्या परिस्थितीशी जुळवून न घेता आल्याने उदासी, रडू येणे, घाबरणे, झोप न लागणे. ताणाचे कारण दूर झाल्यावर हा त्रास साधारण सहा महिन्यांत ओसरतो.
• नैराश्य आणि चिंतेचे आजार: कशातच मन न लागणे, छातीत धडधड, भूक मंदावणे, मरणाचे विचार.
• तीव्र सायकोसिस: कानात आवाज ऐकू येणे, सगळे आपल्याविरुद्ध आहेत असे वाटणे, असंबद्ध बोलणे. काही रुग्णांत हा त्रास काही आठवड्यांत पूर्ण बरा होतो, तर काहींत ती स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराची सुरुवात असते.

नेमके निदान व्हायला काही महिने लागू शकतात. म्हणून पहिल्या कागदावरचे निदान अंतिम समजू नये.

डिस्चार्जच्या कागदावर काय पाहावे?

रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि सैन्याचा डिस्चार्ज या वेगळ्या गोष्टी आहेत. सैन्याच्या डिस्चार्ज प्रमाणपत्रावर सेवेतून कमी करण्याचे कारण आणि नियम लिहिलेला असतो. अमेरिकेत डिस्चार्जचा दर्जा वाढवून मागण्यासाठी स्वतंत्र मंडळे आहेत. आपल्याकडे तशी पद्धत नाही. इथे डिस्चार्जचे कारण, आजाराचा सेवेशी असलेला संबंध आणि अपंगत्वाची टक्केवारी यांना आव्हान दिले जाते.

प्रशिक्षणार्थींच्या बाबतीत मुख्यतः दोन प्रकारची कारणे दिसतात.

१. वैद्यकीयदृष्ट्या सेवेस अपात्र: यासाठी मेडिकल बोर्ड बसावे लागते. याला बोलीभाषेत ‘बोर्ड आउट’ म्हणतात.

२. ‘अनलाइकली टू बिकम ॲन एफिशियंट सोल्जर’, म्हणजे चांगला सैनिक होण्याची शक्यता नाही. शपथ घेण्यापूर्वी रंगरूटाला अशा कारणाने कमी करण्याची तरतूद आर्मी रूल्स, १९५४ मधील नियम १३ मध्ये आहे.

मुलावर लष्करी रुग्णालयात मानसोपचार झाले आणि तरी कागदावर दुसरे कारण असेल, तर हे प्रकरण वकिलाला जरूर दाखवावे. वैद्यकीय कारणाने कमी करायचे असेल तर मेडिकल बोर्डाची पायरी टाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका निम्न वैद्यकीय श्रेणीतील नायब सुभेदाराच्या प्रकरणात म्हटले आहे.

मेडिकल बोर्ड काय ठरवते?

बोर्डाच्या कार्यवाहीचा फॉर्म एएफएमएसएफ-१६ या नावाने ओळखला जातो. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात.

• निदान: आजाराचे नाव आणि तो केव्हा, कुठे सुरू झाला.
• सेवेशी संबंध: आजार सेवेमुळे झाला का, किंवा सेवेमुळे वाढला का. दोन्ही नाही असे ठरले तर ‘निदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रव्हेटेड’ असा शेरा येतो. बहुतेक अर्ज याच शेऱ्यामुळे फेटाळले जातात.
• टक्केवारी: अपंगत्व किती टक्के आणि किती काळासाठी.

शेऱ्याखाली कारणे लिहिली आहेत का, हे नीट वाचा. ‘हा आजार जन्मजात प्रवृत्तीचा आहे’ एवढेच एक वाक्य असेल तर तो अपिलाचा मुद्दा होऊ शकतो.

न्यायालयांनी काय म्हटले आहे?

धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे धरले जाईल. आजार सेवेशी संबंधित नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारवर राहील आणि बोर्डाला कारणे द्यावी लागतील. त्याच वर्षी स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात न्यायालयाने नव्याने वैद्यकीय तपासणी करण्याचा आदेश दिला.

मात्र प्रत्येक निकाल जवानाच्या बाजूने लागलेला नाही. २०१९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्याच एका प्रकरणात न्यायालयाने पेन्शन नाकारली. असा आजार भरतीच्या तपासणीत कळून येत नाही, त्यामुळे केवळ नोंद नाही एवढ्यावर हक्क मिळत नाही, असे म्हटले. मे २०२५ मध्ये मात्र बोर्डाने कारणे न दिल्यामुळे स्किझोफ्रेनिया झालेल्या माजी जवानाला दिलासा मिळाला. म्हणजेच निकाल आजाराच्या नावावर ठरत नाही. कागदावर काय नोंदले आहे आणि बोर्डाने कोणती कारणे दिली आहेत, यावर ठरतो.

आणखी एक बाब. २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवेतून बाहेर पडलेल्यांना २०२३ चे नवे नियम लागू आहेत. त्याआधीच्यांना जुने नियम लागू होतात. धरमवीर सिंग निकाल १९८२ च्या नियमांवर आधारलेला होता. म्हणून वकिलाला डिस्चार्जची तारीख सर्वांत आधी सांगा.

अग्निवीर, कॅडेट आणि निमलष्करी दल

अग्निवीर: २०२२ पासून जवानांची भरती या योजनेतून होते. अग्निवीराला पेन्शन नाही. अपंगत्व सेवेमुळे आले किंवा वाढले असे ठरल्यास १०० टक्क्यांसाठी ४४ लाख, ७५ टक्क्यांसाठी २५ लाख आणि ५० टक्क्यांसाठी १५ लाख रुपये एकरकमी मिळण्याची तरतूद आहे. इथेही सर्व काही बोर्डाच्या शेऱ्यावर अवलंबून असते.

अधिकारी कॅडेट: खडकवासल्याची एनडीए किंवा इतर अकादमीतून वैद्यकीय कारणाने बाहेर पडलेल्या कॅडेटना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही, मासिक सानुग्रह रक्कम मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली. त्याच महिन्यात त्यांना ईसीएचएस या वैद्यकीय योजनेचा लाभ देण्याचा निर्णय झाला.

सीआरपीएफ, बीएसएफ इत्यादी: ही दले गृह मंत्रालयाकडे आहेत. त्यांच्या प्रकरणांना सशस्त्र दल न्यायाधिकरण लागू नाही. विभागीय अपिलानंतर उच्च न्यायालयात जावे लागते. आपल्या जिल्ह्यासाठी ते नागपूर खंडपीठ आहे.

अपील कसे करावे?

१. रेकॉर्ड ऑफिसकडून आलेले नकाराचे पत्र आणि त्यावरील तारीख जपून ठेवा. पहिल्या अपिलाची मुदत साधारण सहा महिने असते. नेमकी मुदत पत्रातच पाहा.

२. कागद मिळाले नसतील तर रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात अर्ज करा. बोर्डाची कार्यवाही, लष्करी रुग्णालयाची केस शीट, भरतीच्या वेळचा तपासणी अहवाल आणि कमांडिंग ऑफिसरचा एएफएमएसएफ-१० अहवाल मागा. या शेवटच्या अहवालात मुलाच्या वागण्यात केव्हा बदल झाला याची नोंद असते.

३. पहिले अपील फेटाळले तर दुसरे अपील करता येते.

४. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. उशीर झाला असेल तर कारण देऊन माफी मागता येते. आजारपण आणि रुग्णालयातले दिवस हे योग्य कारण ठरू शकते, पण त्याचे कागद हवेत.

यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात प्राथमिक मार्गदर्शन मिळते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. सैनिकांच्या कुटुंबांना कायदेशीर मदत मिळावी म्हणून जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर वीर परिवार सहायता योजनाही सुरू झाली आहे. ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्या दलालाला पैसे किंवा मूळ कागद देऊ नका.

तुमच्या डॉक्टरांकडून कोणता अहवाल घ्यावा?

‘रुग्ण मानसिक आजारी आहे’ एवढ्या ओळीचा दाखला फारसा उपयोगी पडत नाही. अहवालात पुढील गोष्टी असाव्यात.

• लक्षणे पहिल्यांदा केव्हा दिसली आणि ही माहिती कोणी दिली.
• भरतीपूर्वीची शाळा, कॉलेज, शेतीकाम, मित्रमंडळी यातील वागणूक.
• आधीचा आजार किंवा घराण्यातील आजार, असल्यास किंवा नसल्यास.
• आजार सुरू होण्याआधीच्या ताणाचे वर्णन.
• दिलेली औषधे, झालेली सुधारणा आणि सध्याची कार्यक्षमता.

भरतीआधी उपचार झाले असतील तर ते लपवू नका आणि डॉक्टरांना तारखा बदलायला सांगू नका. खोटी माहिती उघड झाली तर पूर्ण प्रकरण बिघडते. आजार आधीपासून असला तरी तो सेवेत वाढला, हा मुद्दा मांडता येतो.

तसेच बोर्डापुढे किंवा रुग्णालयात इतिहास सांगताना मोघम बोलू नका. ‘तो लहानपणापासूनच असा आहे’ हे वाक्य आई-वडील अनेकदा फक्त लाजाळू स्वभावाबद्दल बोलतात, पण कागदावर ते जुन्या आजाराची नोंद म्हणून राहते. काय, केव्हा, किती दिवस, हे नेमके सांगा.

घरी आल्यावरचे उपचार

परत आलेल्या मुलाला गावात ‘पळून आला’ असे ऐकावे लागते. या बोलण्याने आजार वाढतो. घरच्यांनी सर्वांना एकच साधे उत्तर द्यावे: तब्येत बिघडली, उपचार चालू आहेत.

• पहिल्या दोन आठवड्यांत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. जास्त काळ भरती ठेवण्याची गरज पडल्यास नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.
• लष्करी रुग्णालयातून दिलेली औषधे संपण्याआधीच भेट घ्या. बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करू नका. नैराश्यात बरे वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने, आणि सायकोसिसमध्ये अनेकदा एक-दोन वर्षे औषध लागते.
• झोपेची वेळ ठरवा. दारू आणि गांजा पूर्ण टाळा.
• लगेच दुसऱ्या भरतीची तयारी किंवा लग्नाची घाई नको.

तातडीची लक्षणे: मरणाविषयी बोलणे, निरोप घेतल्यासारखे वागणे, दोन-तीन रात्री अजिबात झोप नसणे, ‘मारून टाक’ असे आवाज ऐकू येणे. अशा वेळी मुलाला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घरातून किंवा शेतावरच्या खोलीतून हलवून कुलपात ठेवा. १०८ ला फोन करून जवळच्या रुग्णालयात न्या. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अपील जिंकले तर मुलगा पुन्हा सैन्यात जाईल का?
सहसा नाही. अपिलातून मुख्यतः पेन्शन किंवा भरपाई आणि कागदावरील योग्य कारण मिळते. ही आशा-निराशा मुलाशी आधीच स्पष्ट बोला.

औषधाने बरे वाटू लागले तर हक्क जाईल का?
नाही. बोर्डातून बाहेर पडताना अपंगत्व किती होते हे वेगळे पाहिले जाते. टक्केवारी जास्त दिसावी म्हणून औषध थांबवणे धोक्याचे आहे.

पुढे दुसरी नोकरी मिळेल का?
होय, अनेकांना मिळते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार पूर्वी उपचार झाले एवढ्यावरून आज कोणाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. स्वतःच्या उपचारांचे कागद मागण्याचा हक्कही याच कायद्यात आहे.

जुने प्रकरण आहे, आता काही होईल का?
पेन्शनच्या बाबतीत उशिरा अर्ज केला तरी तो विचारात घेतला जाऊ शकतो. मात्र मागील थकबाकी सहसा तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणून आणखी वेळ न घालवता कागद गोळा करा.

आज करता येण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. आणि डिस्चार्ज प्रमाणपत्र, बोर्डाचा फॉर्म, नकाराचे पत्र यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून तारखेनुसार एका फाइलमध्ये लावा. अपिलाचे काम महिनोन् महिने चालते. तेवढा काळ मुलाचे जेवण, झोप, औषध आणि हाताला थोडे काम सुरू राहील हे पाहणे घरच्यांच्या हातात आहे.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधोपचारासाठी आपल्या डॉक्टरांचा आणि अपिलासाठी वकिलांचा सल्ला घ्यावा.