जुन्या घराची फरशी घासण्याआधी ॲस्बेस्टॉसची चाचणी का करायची?

अमेरिकेत 1980 च्या आधी बांधलेलं घर विकत घेतलं, की बरेच जण आधी फरशीचं काम काढतात. जुन्या टाइल्स उखडायच्या, खालच्या ओकच्या लाकडाला सँडिंग करायचं आणि पॉलिश मारायचं, असा बेत असतो. टाइल निघते, पण लाकडावर डांबरासारखा काळा गोंद चिकटून राहतो. इथेच लोक भाड्याने सँडिंगचं मशीन आणतात आणि खरा धोका सुरू होतो.

ॲस्बेस्टॉस कुठे असू शकतं?

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज. ते आगीला दाद देत नाही, मजबूत आणि स्वस्तही, म्हणून विसाव्या शतकात ते टाइल्समध्ये, त्यांच्या काळ्या गोंदात आणि विनाइल शीटच्या मागच्या कागदासारख्या थरात सर्रास घातलं जायचं. 9 बाय 9 इंचाच्या जुन्या टाइल्स दिसल्या तर संशय घ्याच. मात्र नुसतं बघून कुणालाही खात्रीने सांगता येत नाही, अनुभवी कंत्राटदारालाही नाही.

'यावर तर कधीच बंदी आली' असं अनेकांना वाटतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1989 साली बंदी घातली होती खरी, पण 1991 साली न्यायालयाने तिचा बराचसा भाग रद्द केला. सर्वाधिक वापरात असलेल्या क्रायसोटाइल या प्रकारावरची बंदी थेट मार्च 2024 मध्ये आली.

मग या घरात राहणंच धोक्याचं का?

नाही. टाइल अखंड असेल तर तंतू तिच्यात घट्ट बसलेले असतात. तिच्यावरून चालल्याने काही होत नाही. घासलं, फोडलं, कोरडं खरवडलं की ते सुटतात. डोळ्यांना दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत तरंगतात आणि श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात. ॲस्बेस्टोसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे आजार त्यातून होऊ शकतात, तेही अनेकदा 20 ते 40 वर्षांनी. धूम्रपान करणाऱ्याला कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी जास्त.

काय करावं?

आधी प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या. टाइल आणि गोंद दोन्हींचा, कारण टाइल निर्दोष आणि गोंदात ॲस्बेस्टॉस असं होऊ शकतं. नमुना प्रशिक्षित माणसाने घेतलेला बरा. अहवालात 1 टक्क्याहून जास्त आलं तर तिथल्या नियमांनुसार ते ॲस्बेस्टॉसयुक्त साहित्य ठरतं.

तसं निघालं आणि फरशी धड असेल, तर तिला हात न लावता वरून नवी फरशी टाकणं हा आमच्या मते सर्वांत शहाणपणाचा मार्ग. स्वस्तही पडतो. लाकूडच हवं असेल तर परवानाधारक माणसांकडून काढून घ्या. ते खोली बंदिस्त करतात, सगळं ओलं ठेवून काम करतात आणि कचरा सीलबंद करून ठरावीक ठिकाणीच टाकतात. कामाचे नियम राज्यागणिक बदलतात, तेवढी चौकशी आधी करा.

साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे उपयोगाचा नाही. घरातला व्हॅक्युम क्लीनर तर नकोच, बारीक तंतू त्याच्या फिल्टरमधून निसटून पुन्हा हवेत येतात.

आपल्याकडे काय?

शहाबादी किंवा कडप्प्याच्या फरशीचा हा प्रश्न नाही, तो दगड आहे. आपल्याकडे बघायचे ते छपराचे सिमेंटचे पत्रे. भारतात ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही आणि अनेक पत्र्यांत ते असतं. असे पत्रे कापताना, भोकं पाडताना किंवा पाडकामात फोडताना तीच धूळ उडते.

सँडिंग आधीच सुरू केलं असेल तर?

मशीन लगेच बंद करा. पंखा, एसी, हीटिंग बंद करा, खोलीचं दार लावून घ्या आणि झाडू मारू नका. अंगावरचे कपडे तिथेच काढून पिशवीत बंद करा, घरच्या धुण्यात टाकू नका, आणि अंघोळ करा. एका वेळच्या धुळीने आजार होण्याची शक्यता कमी असते, म्हणून घाबरून जाऊ नका. पुढची सफाई मात्र तज्ज्ञांकडूनच करून घ्या आणि पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला.