दुहेरी क्रियेचे जुने रिव्हॉल्व्हर

दुहेरी क्रियेचे रिव्हॉल्व्हर हे फिरत्या सिलिंडरचे हातशस्त्र असून त्यात चापाच्या एकाच ओढीने घोडा मागे जातो, सिलिंडर एक घर पुढे फिरते आणि घोडा सुटून काडतुसावर आदळतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत घडवलेली अशी रिव्हॉल्व्हरे यंत्रकला आणि वसाहतकालीन इतिहास यांची साधने म्हणून संग्राहक व अभ्यासक जपतात. भारतात मात्र केवळ वयामुळे असे शस्त्र परवानामुक्त ठरत नाही.

रचना

एकेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक बारापूर्वी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि चापाचे काम तो सोडण्यापुरते असते. दुहेरी क्रियेत चाप ही दोन्ही कामे करतो. त्यामुळे बार लवकर करता येतो, परंतु ओढ लांब व जड होऊन नेम ढळण्याचा संभव वाढतो. बहुतेक रचनांत म्हणूनच घोडा अंगठ्याने मागे घेण्याची सोयही ठेवलेली असते.

मराठीत ‘पिस्तूल’ हा शब्द सर्वच हातशस्त्रांना सरसकट लावला जातो. काटेकोर अर्थाने, फिरते सिलिंडर असलेले ते रिव्हॉल्व्हर. मुठीतील खोक्यातून काडतुसे आपोआप वर चढवणारे ते स्वयंभरणी पिस्तूल.

विकास

सॅम्युएल कोल्ट यांचे १८३६ मधील रिव्हॉल्व्हर एकेरी क्रियेचे होते. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात रॉबर्ट ॲडम्स यांनी केवळ चापाच्या ओढीवर चालणारे, अखंड सांगाड्याचे रिव्हॉल्व्हर मांडले. लष्करी अभियंता फ्रेडरिक बोमाँट यांनी १८५६ मध्ये त्यात अंगठ्याने घोडा चढवण्याची सोय जोडली. ‘बोमाँट-ॲडम्स’ या नावाने ओळखले जाणारे हे शस्त्र टोपीचे होते. म्हणजे दारू व गोळी घरात भरून मागे स्फोटक टोपी बसवावी लागे.

धातूच्या काडतुसांमुळे भरणे सोपे झाले. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचे .४५५ इंच मापाचे रिव्हॉल्व्हर १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारले. त्याचा सांगाडा वरून उघडतो, नळी खाली झुकते आणि सहाही रिकामी काडतुसे एकदम बाहेर पडतात. या मालिकेतील सहावी आवृत्ती १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात आली. १९३२ मध्ये ब्रिटिश सैन्याने .३८ मापाचे एन्फील्ड रिव्हॉल्व्हर स्वीकारले. कानपूर येथे तयार होणारे .३२ मापाचे भारतीय रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच रचनेवर आधारलेले आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

१८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास मनाई झाली. अधिकारी व संस्थानिकांच्या हाती असलेले रिव्हॉल्व्हर त्यामुळे सत्तेचे चिन्ह बनले, तर क्रांतिकारकांच्या हाती ते त्या सत्तेला दिलेले आव्हान ठरले. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील वाडिया ग्रंथालयात विद्यार्थी वासुदेव बळवंत गोगटे यांनी मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर रिव्हॉल्व्हर झाडले, हॉटसन बचावले. याउलट २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर वापरलेले शस्त्र ब्राउनिंग बनावटीचे स्वयंभरणी पिस्तूल होते. दोन्ही शस्त्रांना एकच नाव दिल्यास अभ्यासात घोटाळा होतो.

पुण्याजवळील खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना सुरू झाला. तेथे तयार झालेल्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे आढळतात.

परीक्षण व जतन

संग्राहक प्रथम निर्मात्याचे नाव, क्रमांक आणि कसोटीचे ठसे पाहतो. ब्रिटिश शासनाच्या मालकीच्या शस्त्रावर बाणाच्या टोकासारखी खूण असते. सांगाडा व सिलिंडर यांवरील क्रमांक जुळणे, मूळ मुठी आणि मूळ निळसर झिलई टिकून असणे या गोष्टींनी मोल वाढते. शस्त्रासोबतचा जुना परवाना, खरेदीची पावती किंवा नेमणुकीचे पत्र हे त्याचा इतिहास सिद्ध करते. केवळ घरात सांगितली जाणारी आठवण पुरेशी नसते.

नव्याने झिलई किंवा निकेलचा मुलामा दिल्यास ठसे पुसट होतात व वस्तूचे ऐतिहासिक मूल्य घटते. कोकण व मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. कातडी म्यान ओलावा धरून ठेवते, त्यामुळे रिव्हॉल्व्हर त्यातच कायम ठेवणे हानिकारक असते.

कायदेशीर स्थिती

१९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ४५ जुन्या बनावटीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेल्या शस्त्रांना सूट देते; परंतु ते दुरुस्ती करून किंवा न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे, ही अट आहे. म्हणूनच १८९० च्या सुमाराचे, पण चालू स्थितीतील वेब्ली आजही परवान्याच्या कक्षेत येते. बृहन्मुंबईत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे, तर ग्रामीण जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेषविषयक कायदाही लागू होऊ शकतो. अशा पुरावशेषांची खासगी निर्यात करता येत नाही.

शस्त्र नियम, २०१६ नुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, अथवा त्याने वयाची ७० वर्षे किंवा शस्त्र बाळगल्याची २५ वर्षे पूर्ण केल्यावर, कायदेशीर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारशाने आलेली शस्त्रेही या मर्यादेत मोजली जातात.

या तरतुदींमुळे वडिलोपार्जित शस्त्र ठेवायचे की जमा करायचे, हा प्रश्न अनेक घराण्यांपुढे उभा राहतो. जमा केलेले शस्त्र मुदतीत परत न घेतल्यास ते सरकारजमा होऊ शकते आणि त्यासोबत त्याचा इतिहासही हरवू शकतो. शस्त्र घराबाहेर जाण्यापूर्वी त्याची छायाचित्रे, ठशांची नोंद व कागदपत्रांच्या प्रती करून ठेवल्यास निदान हा इतिहास अभ्यासकांसाठी उरतो.

हे सुद्धा पहा

• काडतूस
• पिस्तूल
• वासुदेव बळवंत गोगटे
• अनंत कान्हेरे