थापटणे कोणाच्या हाती? पंडिता रमाबाई आणि खोट्या शिकवणीची पारख

गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली, ही कथा मराठवाड्यात लहान पोरालाही ठाऊक असते. तेरच्या त्या मेळ्यात नामदेवांचे मडके कच्चे निघाले आणि मग त्यांना औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे जावे लागले. औंढा पूर्वी आमच्याच परभणी जिल्ह्यात होते. आता ते हिंगोलीत गेले. पिंगळीच्या पारावर ही गोष्ट सांगताना सगळा भर नामदेवांच्या रुसण्यावर असतो. मला मात्र नेहमी थापटण्याचेच कुतूहल वाटत आले आहे. कच्चे कोण आणि पक्के कोण, हे ठरवण्याचे साधन गोरोबांच्या हाती होते आणि त्यांच्या अधिकाराबद्दल जमलेल्यांना शंका नव्हती. पण जिथे तो अधिकारच वादात सापडतो, तिथे पारख कोणी करायची?

ख्रिस्ती धर्मात हा प्रश्न त्याच्या जन्मापासून आहे. मेंढरांच्या वेषातल्या लांडग्यांपासून सावध राहण्याचा इशारा मत्तयाच्या शुभवर्तमानातच येतो, आणि झाड फळांवरून ओळखावे ही कसोटीही तिथेच दिलेली आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्यावर विश्वास न ठेवता तो पारखून घ्यायला सांगितले आहे. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये बिरुयाचे लोक भेटतात. खुद्द पौलाने सांगितलेलेसुद्धा ते रोज शास्त्रात ताडून पाहत, आणि याबद्दल त्यांची स्तुतीच केलेली आहे. म्हणजे ग्रंथाने पारखण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपवले होते. पुढे ख्रिस्तसभा मोठी झाली, राजाश्रय मिळाला, आणि हे काम धर्माधिकाऱ्यांच्या परिषदांकडे गेले. इ. स. ३२५ मध्ये निकाया येथे एरियसचे मत पाखंड ठरवून मतांगिकार लिहिला गेला. आपल्या शेजारी गोव्यात तर १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे सोडता, इन्क्विझिशनचे न्यायासन बसलेले होते. तिथे खोट्या शिकवणीची पारख म्हणजे चौकशी, कोठडी आणि शिक्षा.

मराठी माणसांत हा प्रश्न सर्वांत धारदारपणे कोणी विचारला असेल तर तो पंडिता रमाबाईंनी. आपल्याकडे रमाबाई आठवतात त्या शारदा सदनाच्या आणि १८९३ च्या वादळाच्या संदर्भात. हिंदू समाजाशी त्यांचे जे भांडण झाले त्यावर पुष्कळ लिहिले गेले. त्याआधी त्यांनी खुद्द ख्रिस्तसभेशी जे भांडण केले त्याकडे मराठीत त्या मानाने दुर्लक्ष झाले, आणि माझ्या मते ते अधिक कठीण होते. घर सोडून आलेल्या माणसाला ज्या नव्या घराने आसरा दिला, त्याच घराच्या भिंती ठोकून पाहण्याचा तो प्रकार होता.

रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वय पंचवीस, पदरी लहानगी मनोरमा, पतीच्या निधनाला वर्ष-सव्वा वर्ष झालेले. पुण्यात पंचहौद मिशनच्या भगिनींशी ओळख झाली होती. त्याच संघाच्या वाँटेज येथील मठात त्या उतरल्या. बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. त्या धक्क्यातून सावरत असतानाच २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरे यांनी लिहून पाठवलेल्या युक्तिवादाने आपली बौद्धिक खात्री पटली, असे त्यांनी नंतर नमूद केले आहे. हे नीळकंठशास्त्री गोरे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. १८४८ साली ख्रिस्ती झाले आणि षड्दर्शनांचे खंडन करणारा ग्रंथ लिहून गेले. एका शास्त्र्याने दुसऱ्या शास्त्र्याच्या मुलीला तर्काने पटवले, इथपर्यंत सगळे ठीक होते. पण तर्काने आलेला माणूस आत आल्यावर तर्क दाराबाहेर ठेवत नाही, एवढे मठाच्या लक्षात आले नाही.

बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला तो १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने इंग्रजीत प्रसिद्ध केला. ही पत्रे जपली आणि संकलित केली ती सिस्टर जेराल्डीन यांनीच, हे विशेष. १८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत होत्या, संस्कृत शिकवतही होत्या. तिथून मठाकडे जाणाऱ्या पत्रांत शंका वाढत गेल्या. त्रैक्याचा सिद्धांत अथानासियसच्या मतांगिकारात ज्या रीतीने मांडला आहे तो बायबलात आपल्याला सापडत नाही, असे त्यांचे म्हणणे. हा मतांगिकार न मानणाऱ्याला तारण नाही, असे त्यात म्हटलेले आहे. ते त्यांना मान्य होईना. ख्रिस्ताच्या कुमारीजन्माबद्दलही त्यांनी प्रश्न केले.

सिस्टर जेराल्डीन यांना यात गर्व दिसला. धर्ममातेच्या बाजूने पाहिले तर त्यांची काळजी खोटी नव्हती. त्यांच्या समजुतीप्रमाणे एक जीव नाशाकडे चालला होता आणि त्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. ख्रिस्तसभेने शतकानुशतके विचार करून जे ठरवले ते कालच्या विद्यार्थिनीने मोडीत काढावे, हे त्यांना कसे रुचावे? परंपरा ही आंधळीच असते असे नाही. अनेक पिढ्यांनी फसून फसून जे शिकलेले असते तेही तिच्यात साठलेले असते. हा मुद्दा रमाबाईंच्या चाहत्यांनी सहसा विचारात घेतलेला नाही.

परंतु मठाच्या बाजूची खरी चूक दुसरीकडे होती. सिद्धांत कोणता आणि सवय कोणती, हा भेदच तिथे केला जात नव्हता. रमाबाई मांस खात नसत, अंडे घातलेला पदार्थही घेत नसत. यात मठाला जुन्या जातीचा अहंकार दिसे. क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. आपल्या देशातल्या बायांना न कळणारी ही भाषा कशाला, असे रमाबाईंनी विचारले आणि अक्षरे हवीच असतील तर संस्कृतात का नसावीत, असेही सुचवले. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही, यावर मुंबईचे बिशप मिल्न आणि लाहोरचे बिशप फ्रेंच यांची मते मागवली गेली. दोघांनीही विरोध केला; हिंदुस्थानात तिच्या कामाला बाध येईल, असे त्यांना वाटले. कलकत्त्यात शास्त्र्यांच्या भरसभेत बोलून पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळवलेल्या बाईला हिंदुस्थान म्हणजे काय ते दोन इंग्रज बिशप सांगत होते! त्रैक्य, ताटातले अंडे आणि पुरुष विद्यार्थी हे सगळे आज्ञाधारकपणाच्या एकाच तराजूत तोलले जात होते. असे झाले की खोट्या शिकवणीची पारख थांबते आणि केवळ शिस्त उरते.

रमाबाईंचे १८८५ मधले उत्तर थोडक्यात असे. देवाने मला विवेक आणि बुद्धी दिली आहे. ती वापरणे माझे कर्तव्य आहे. हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचे जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून काढले. तसेच दुसरे जू पुन्हा घ्यायला मी तयार नाही. बाप्तिस्मा मी ख्रिस्ताचा घेतला आहे, एखाद्या पंथाच्या सगळ्या मतांचा नव्हे. महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मध्यस्थी केली. शंका दडपून विश्वास येत नाही, तिला विचार करू द्या, असा त्यांचा सूर होता. मला या साऱ्या पत्रव्यवहारात बीलबाई सर्वांत शहाण्या वाटतात. रमाबाईंची मते त्यांना पटली होती असे नाही; पण त्यांनी धीर धरला.

पुढची हकीकत बीलबाईंच्या बाजूने कौल देते. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या, अनेक पंथांच्या लोकांत वावरल्या, परत येऊन १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढले. हॅसलम नावाच्या इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त १८९१ च्या सुमारास त्यांच्या वाचनात आले. वर्षानुवर्षे धर्मोपदेश करूनही आपण कोरडेच होतो, हे कळलेला तो माणूस. ते वाचताना रमाबाईंना आपली स्थिती उमगली: ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. त्यांच्या साक्षीतला हा भेद प्रसिद्ध आहे. ज्या सिद्धांतांवर त्या एकेकाळी अडून बसल्या होत्या त्यांच्याशी त्यांचा झगडा पुढे राहिला नाही. कोणी दम दिला म्हणून हे झाले नाही.

आणि मग थापटणे त्यांच्याच हाती आले. दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली आणि स्त्रिया केडगावच्या मुक्ती सदनात राहत होत्या. वेल्समधल्या धर्मजागृतीची बातमी आल्यावर जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी मुलींना बोलावले. सुमारे सत्तर जणी आल्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. जूनच्या अखेरीस रडणे, मोठ्याने पापांगिकार, अंगात आग भरल्याचा अनुभव असे प्रकार सुरू झाले. पुढच्या वर्षाच्या शेवटी काही मुली अनोळखी भाषांत बोलू लागल्या. परगावचे मिशनरी गोंधळले. हे देवाचे की भ्रमाचे? की आपल्या जत्रेत अंगात येते तसलाच प्रकार?

इथे रमाबाईंची कसोटी लागली, कारण या मुलींना जायला दुसरे घर नव्हते. अशा ठिकाणी मुख्य बाई म्हणेल ते खरे, असे व्हायला वेळ लागत नाही. रमाबाईंनी गोंगाट दडपला नाही. हिंदुस्थानी माणूस मोकळेपणाने रडतो-गातो. त्याने परक्यांच्या शिस्तीत प्रार्थना का करावी, असा त्यांचा प्रश्न होता. लॅटिन अक्षरांबद्दल विचारणारी तीच बाई इथे बोलते आहे. मात्र त्याच वेळी अमेरिकेत जोर धरत असलेले एक मत त्यांनी स्वीकारले नाही. अन्य भाषा बोलणे हीच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची एकमेव खूण, असे ते मत. ही एक खूण असू शकेल, पण एकमेव आणि आवश्यक खूण म्हणायला शास्त्राधार नाही, असे त्यांनी मुक्तीच्या पत्रिकेत १९०७ साली लिहिले. त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनीही हाच मार्ग धरला. अब्राम्स यांची पुस्तिका चिलीतल्या हूवर दांपत्याच्या हाती पडली आणि तिथे १९०९ मध्ये वेगळी जागृती झाली. पुणे जिल्ह्यातल्या एका आडगावच्या आश्रमातून दक्षिण अमेरिकेपर्यंत गेलेली ही वाट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा भेटत नाही.

वाँटेजच्या पत्रांतली आणि केडगावच्या लेखातली पद्धत एकच आहे. समोरचा दावा घ्यायचा, ग्रंथाशी ताडायचा. ग्रंथ जेवढे म्हणतो तेवढे मानायचे, त्यापुढचे कोणावर लादायचे नाही. पण या पद्धतीला एक अट आहे: ज्याला पारखायचे आहे त्याला ग्रंथ वाचता आला पाहिजे आणि कळला पाहिजे. आमच्या मराठवाड्यात निजामी राजवटीत नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. तिथे आलेले बहुतेक मांग समाजाचे. अक्षरओळखच नसलेल्या माणसाने उपदेशकाची पारख कशाच्या आधारे करावी?

रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे या अडचणीला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले. प्रचलित भाषांतरात संस्कृत शब्दांचा भरणा होता आणि त्या शब्दांबरोबर हिंदू दर्शनांतले अर्थही येत, ही त्यांची तक्रार. शास्त्र्याच्या घरात वाढल्यामुळे त्यांना हे इतरांपेक्षा लवकर जाणवले असणार. ख्रिस्ताला ‘अवतार’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात दशावतार उभे राहतात. नव्या जन्माला ‘पुनर्जन्म’ म्हटले तर चौऱ्यांशीचा फेरा आठवतो. चुकीची शिकवण द्यायला उपदेशक लबाड असावा लागत नाही, शब्द पुरतो. याच्या उलट वाट तीनशे वर्षांपूर्वी फादर स्टीफन्स यांनी धरली होती. १६१६ च्या ख्रिस्तपुराणात ते स्वर्गाला बेलाशक वैकुंठ म्हणतात, आणि काव्य म्हणून ते फार गोड आहे. रमाबाईंच्या भाषांतराला ती गोडी नाही. वाक्ये रांगडी, ठेच लागणारी आहेत. शुद्धतेच्या हट्टापायी त्यांनी भाषेचा रस घालवला, असे मला वाटते. आणि गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या संस्थेचे नाव ‘मुक्ती’ हेच होते, तो शब्द काही हिब्रूतून आलेला नव्हे.

पण ज्या वाचकांसाठी हे काम होते त्या साहित्यरसिक नव्हत्या. केडगावच्या छापखान्यात आश्रमातल्याच स्त्रिया खिळे जुळवत होत्या. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाईंनी देह ठेवला, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. १९२४ साली ते ग्रंथरूपाने बाहेर पडले.