लहान मुलांसाठी कृत्रिम हृदय : मोठ्यांचा पंप छोटा करून का भागत नाही?

कृत्रिम हृदयाबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, मोठ्यांसाठी पंप आहेच, तोच लहान आकारात बनवायचा, त्यात काय एवढं! पण १९८२ मध्ये अमेरिकेत बार्नी क्लार्क यांना जार्विक-७ हे कृत्रिम हृदय बसवलं, त्याला चाळीस वर्षं उलटली तरी तान्ह्या बाळांसाठीचे पर्याय आजही बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. असं का, ते समजून घेऊ.

आधी दोन शब्द

संपूर्ण कृत्रिम हृदय बसवताना रुग्णाच्या हृदयाचे खालचे दोन्ही कप्पे काढून टाकतात. ‘व्हॅड’मध्ये मात्र हृदय जागेवरच राहतं आणि शेजारी जोडलेला पंप त्याचं काम उचलतो. लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा व्हॅडच वापरतात. दोन्हींचा मुख्य हेतू एकच : प्रत्यारोपणासाठी योग्य आकाराचं हृदय मिळेपर्यंत मुलाला जगवणं.

अडचण कुठे आहे?

मोठ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. चार किलोच्या बाळाचं हृदय जेमतेम ५-६ मिलिलिटर. त्याच्या अख्ख्या अंगातलं रक्तच सुमारे ३२० मिलिलिटर, म्हणजे पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षाही कमी!

आता पंपाची लांबी-रुंदी-उंची निम्मी केली, तर आतली जागा आठपटीने कमी होते, पण आतला पृष्ठभाग फक्त चारपटीने. म्हणजे तेवढ्याच रक्ताला परका पृष्ठभाग दुप्पट लागतो आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. नळीचा व्यास निम्मा केला, तर प्रवाहाला होणारा विरोध सोळापट होतो. बरं, मोठा पंपच हळू चालवावा म्हटलं, तर रक्त आत रेंगाळतं आणि गोठतं. छोटा पंप फार वेगाने फिरवावा, तर तांबड्या पेशी फुटतात. इकडे आड, तिकडे विहीर!

बर्लिन हार्ट

यावर जर्मनीत निघालेलं उत्तर म्हणजे ‘बर्लिन हार्ट एक्सकोर’. यात पंप शरीराबाहेर, पोटाजवळ असतो. नळ्या हृदयापासून पोटाच्या वरच्या भागातून बाहेर येतात. पंपाच्या आत लवचीक पडदा असतो; एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. हवेच्या दाबाने पडदा हलतो आणि रक्त पुढे जातं. पंप वेगवेगळ्या मापांत मिळतो, सर्वात छोटा १० मिलिलिटरचा. तो पारदर्शक असल्यामुळे आत गुठळी होतेय का, हे नर्स चक्क टॉर्च मारून पाहू शकते आणि गरज पडली तर पंप बदलता येतो.

अमेरिकेच्या एफडीएने याला डिसेंबर २०११ मध्ये मंजुरी दिली. ४८ मुलांवरच्या चाचणीत ही मुलं एक्मो यंत्रावरच्या तशाच मुलांपेक्षा बरीच जास्त काळ जगली. पण सुमारे २९ टक्के मुलांना स्ट्रोकही आला. आई-बाबांना सही करण्याआधी हे दोन्ही आकडे समजायला हवेत, असं मला वाटतं.

बॅटरीएवढा पंप

शरीराच्या आत बसेल असा पंप हवा, म्हणून ‘पम्पकिन’ या अमेरिकन संशोधन कार्यक्रमातून ‘जार्विक २०१५’ पुढे आला. आकार साधारण रिमोटमधल्या ‘डबल ए’ सेलएवढा. गंमत म्हणजे आधीची आवृत्ती याहून लहान होती, पण तिच्यात पेशी जास्त फुटत होत्या. म्हणून पंप थोडा मोठा करून पुन्हा आखावा लागला! छोटं म्हणजे चांगलं, हा मोबाइलचा नियम इथे चालत नाही.

थोड्या मोठ्या मुलांचं त्यामानाने बरं आहे. मोठ्यांसाठीचा ‘हार्टमेट ३’ मुलांमध्ये वापरायला २०२० मध्ये मंजुरी मिळाली.

थोडक्यात

अशा मुलांची संख्या कमी, मापं अनेक, चाचण्या महाग. त्यामुळे कंपन्यांना यात फारसा नफा दिसत नाही. सरकारी निधीशिवाय हे काम पुढे सरकत नाही. आणि पंप कितीही सुधारला तरी बहुतेक मुलांसाठी तो आज पूलच आहे. पुलाच्या पलीकडे कुणीतरी दान केलेलं हृदय लागतं, आणि बाळाच्या छातीत मावेल असं हृदय बहुधा दुसऱ्या एखाद्या लहान मुलाचंच असतं. हा पूल जितके जास्त दिवस टिकेल, तितकी ते वेळेत मिळण्याची आशा वाढते.